यादीतील नाव आणि नोंदीतील अंक

डेस्कटॉप प्रणालींत, म्हणजे संगणकावर बसवून चालवल्या जाणाऱ्या प्रणालींत, माहिती भरताना जी चौकट बाण दाबताच खाली उघडते आणि ठरावीक पर्यायांपैकी एक निवडू देते, तिला ड्रॉपडाउन यादी म्हणतात. विंडोजच्या परिभाषेत ती ‘कॉम्बो बॉक्स’ या नावाने ओळखली जाते. वापरणाऱ्याला तिच्यात केवळ नावे दिसतात. तथापि प्रत्येक ओळीत दोन गोष्टी असू शकतात : एक, वाचण्यासाठी असलेला मजकूर, आणि दुसरी, नोंदीत साठवण्यासाठी असलेले मूल्य, म्हणजे त्या पर्यायाची ओळख सांगणारा संकेतांक. यादी भरणे हे वरवर पाहता किरकोळ काम आहे, परंतु या दोहोंपैकी नोंदीत काय उतरवायचे हा प्रश्न किरकोळ नाही, कारण दाखले, शिष्यवृत्त्या, मालमत्तेच्या नोंदी आणि करांचे हिशेब यांतील मोठा भाग आज अशाच याद्यांतून केलेल्या निवडींवर उभा असतो.

या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन परस्परविरोधी दृष्टी येथे संवादरूपाने मांडल्या आहेत. पहिली अभिलेखपालाची आहे, ज्याच्या लेखी नोंद ही पुढील पिढ्यांसाठी ठेवलेली साक्ष असते. दुसरी प्रोग्रामरची आहे, ज्याच्या लेखी नोंद ही इतर नोंदींशी अचूक जोडता आली पाहिजे अशी वस्तू असते. चर्चेसाठी महाराष्ट्राच्या 36 जिल्ह्यांची यादी घेतली आहे, कारण गेल्या काही वर्षांत या यादीत नामांतरही झाले आहे आणि विभाजनही.

अभिलेखपाल : यादीत जे नाव दिसते तेच नोंदीत उतरावे, यापेक्षा सरळ मार्ग असू शकत नाही. लिपिकाने ‘कोल्हापूर’ निवडले, तर नोंदीत ‘कोल्हापूर’ असावे. त्याऐवजी 2011 च्या जनगणनेतील त्याचा 530 हा अंक लिहिला, तर तो अंक कोणाचा हे सांगणारा दुसरा तक्ता कायम सोबत ठेवावा लागतो, आणि प्रणाली कालबाह्य होऊन तो तक्ता हरवला की हजारो नोंदी मुक्या होतात. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर आजही अभ्यासता येते, कारण मोडी वाचू शकणाऱ्याला गावाचे, परगण्याचे आणि माणसाचे नाव त्या कागदावरच सापडते. त्यासाठी दुसऱ्या कोणत्याही तक्त्याची किल्ली लागत नाही.

प्रोग्रामर : कागदावरील नाव माणूस वाचतो आणि लेखनातील फरक तो मनातल्या मनात जुळवून घेतो. संगणक तसे करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने मजकूर म्हणजे युनिकोड या प्रमाणित पद्धतीतील अंकांची मालिका असते आणि मालिका वेगळी असेल तर नावही वेगळे ठरते. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड हा तालुका घ्यावा. त्यातील ‘ऱ’ हे अक्षर एका स्वतंत्र अंकाने लिहिता येते किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशा दोन अंकांनीही लिहिता येते. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात आणि युनिकोडचे प्रमाणही त्यांना समान मानते, पण मजकूर आधी एकरूप करून न घेता थेट तुलना करणारी प्रणाली त्यांचे दोन निराळे तालुके करते. ‘ॲ’ या अक्षराची स्थिती याहून अवघड आहे. ते एकसंध अंकाने लिहिले जाते आणि ‘अ’वर चंद्र देऊनही लिहिले जाते, या दोन रूपांना युनिकोड समान मानत नाही, त्यामुळे एकरूप करण्याच्या प्रमाणित रीतीनेही ती एक होत नाहीत. मालाच्या यादीतील ॲल्युमिनियम अशा रीतीने दोन ठिकाणी मोजले जाते, बेरीज चुकते, आणि डोळ्यांनी कितीही तपासले तरी चूक सापडत नाही.

अभिलेखपाल : हा दोष हाताने टाइप केलेल्या मजकुराचा आहे. यादीतून निवड केली तर प्रत्येक वेळी तोच मजकूर जाईल.

प्रोग्रामर : यादी बदलेपर्यंतच तो तोच राहील. 2023 मध्ये औरंगाबाद जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला आणि उस्मानाबाद जिल्हा धाराशिव झाला. 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नोंदीत केवळ नाव साठवणाऱ्या प्रणालीत त्या दिवसापासून एकाच जिल्ह्याच्या नोंदी दोन नावांखाली विभागल्या जातात आणि मागील वर्षांशी तुलना करणारा प्रत्येक अहवाल खोटा ठरतो. नोंदीत 2011 च्या जनगणनेतील औरंगाबादचा 515 हा अंक असेल, तर तक्त्यातील एका ओळीतले नाव बदलले की काम संपते, कारण जिल्हा तोच आहे, केवळ त्याचे नाव बदलले आहे. मजकूर आणि मूल्य वेगळे ठेवण्याची सोय साधनांत फार पूर्वीपासून आहे, यावरून ही गरज किती मूलभूत आहे ते कळते. विंडोजच्या मूळ कॉम्बो बॉक्समध्येच प्रत्येक ओळीला एक अंक जोडता येतो. 1998 च्या व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये ‘ॲडआयटम’ या आज्ञेने ओळीचा मजकूर भरला जात असे, नुकतीच भरलेली ओळ कितवी हे ‘न्यूइंडेक्स’ सांगत असे आणि त्या ओळीचा अंक ‘आयटमडेटा’मध्ये ठेवला जात असे. 2002 मध्ये आलेल्या डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये ओळी एकेक करून भरण्याऐवजी अख्खा तक्ता यादीला जोडता येऊ लागला. ‘डेटासोर्स’ हा गुणधर्म तक्ता कोणता ते सांगतो, ‘डिस्प्लेमेंबर’ त्यातील कोणता स्तंभ दाखवायचा ते सांगतो, ‘व्हॅल्यूमेंबर’ कोणता स्तंभ मूल्य म्हणून घ्यायचा ते सांगतो, आणि निवड झाल्यावर ते मूल्य ‘सिलेक्टेडव्हॅल्यू’मधून मिळते. क्यूटी, डेल्फी आणि जावाच्या स्विंग या साधनांतही मार्ग निराळे असले तरी दाखवायचे आणि साठवायचे यांची फारकत करता येतेच.

अभिलेखपाल : सोय असणे आणि ती योग्य रीतीने वापरली जाणे यांत अंतर आहे. अंक साठवायचा म्हणून अनेक प्रणाली ओळीचा क्रमच साठवतात, म्हणजे निवड यादीत कितव्या जागी होती तेवढेच नोंदवतात. अंक आहे म्हणून तो मूल्य ठरतो, असे आपले म्हणणे आहे काय?

प्रोग्रामर : मुळीच नाही, क्रम साठवणे हा मजकूर साठवण्यापेक्षाही मोठा दोष आहे. विंडोज फॉर्म्समध्ये ‘सिलेक्टेडइंडेक्स’ हा क्रम शून्यापासून मोजला जातो. जिल्ह्यांची जुनी यादी वर्णानुक्रमे लावली, तर अकोला, अमरावती, अहमदनगर, उस्मानाबाद, औरंगाबाद आणि मग कोल्हापूर असा क्रम लागतो, आणि कोल्हापूरचा क्रमांक 5 येतो. नामांतरानंतर उस्मानाबाद ‘उ’ सोडून ‘ध’पाशी जातो, औरंगाबाद ‘औ’ सोडून ‘छ’पाशी जातो, कोल्हापूर दोन जागा वर सरकून 3 वर येतो आणि 5 या जागी गोंदिया येतो. याचा अर्थ असा की कोल्हापूरची प्रत्येक जुनी नोंद राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्याची होते. हा बिघाड सर्वत्र झाला असता तर लगेच लक्षात आला असता; परंतु पहिले तीन जिल्हे आणि धुळ्यापासून हिंगोलीपर्यंतचे 24 जिल्हे आपापल्या जागी राहतात, तर मधल्या 9 जागांचा अर्थ बदलतो. पुण्यात किंवा नागपुरात चाचणी घेणाऱ्याला सर्व काही बरोबर दिसते, आणि चूक ठाणे, जळगाव, चंद्रपूर, गडचिरोली येथील माणसांच्या वाट्याला जाते. म्हणून मूल्य असे असावे की यादी कशीही लावली, कोणत्याही भाषेत दाखवली, तिच्यात कितीही ओळी घातल्या, तरी ते बदलू नये.

अभिलेखपाल : मग मूल्याला अंक म्हणणेही पूर्ण खरे नाही. वाहनांच्या नोंदणीत कोल्हापूरचा संकेत एमएच-09 आहे. त्यातील 09 संख्या म्हणून साठवले तर पुढचे शून्य गळून केवळ 9 उरतो, आणि छापील कागदाशी तो जुळत नाही.

प्रोग्रामर : हे मान्य करावे लागते. ज्या अंकांची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नसते ते अंक नसून अंकांनी लिहिलेली नावे असतात, आणि ती मजकूर म्हणूनच साठवावीत. वस्तू व सेवा कराच्या क्रमांकातील पहिली दोन स्थाने राज्य दाखवतात. महाराष्ट्राचे 27 आणि गोव्याचे 30 यांना धोका नाही, पण ज्या राज्यांचे संकेत शून्याने सुरू होतात त्यांना आहे. व्हिज्युअल बेसिकच्या ‘आयटमडेटा’त केवळ पूर्णांक ठेवता येत असल्यामुळे तेथे असे संकेत जसेच्या तसे ठेवता येत नसत, नंतरच्या साधनांत मूल्य कोणत्याही प्रकारचे असू शकते, म्हणून आता ही अडचण सांगून सुटका करून घेता येत नाही.

अभिलेखपाल : याहून गंभीर आक्षेप निवडीबद्दलच आहे. तक्ता जोडताच यादीतील पहिली ओळ आपोआप निवडली जाते. वर्णानुक्रमे लावलेल्या जिल्ह्यांच्या यादीत ती ओळ अकोल्याची असते. घाईत असलेल्या लिपिकाने त्या चौकटीला हातच लावला नाही, तरी नोंदीत अकोल्याचा संकेतांक बसतो, आणि पुढे कोणालाही तो विचारपूर्वक दिलेल्या उत्तराइतकाच खरा वाटतो. नाव असते तर निदान वाचणाऱ्याला खटकले असते. 501 हा अंक कोणाला खटकणार?

प्रोग्रामर : खटकण्यावर अचूकता सोपवता येणार नाही; हा दोष मजकूर साठवणाऱ्या प्रणालीतही तितकाच राहतो. त्यावरील उपाय यादी भरणाऱ्याच्या हाती आहे. तक्ता जोडून झाल्यावर ‘सिलेक्टेडइंडेक्स’ला उणे 1 हे मूल्य द्यावे, म्हणजे काहीही निवडलेले नाही अशी स्थिती येते, किंवा तक्त्याच्या आरंभी ‘जिल्हा निवडा’ अशी रिकाम्या मूल्याची ओळ घालावी आणि ती ओळ कायम असेपर्यंत नोंद जतन करू देऊ नये. न दिलेले उत्तर आणि दिलेले उत्तर यांतील फरक प्रणालीने राखलाच पाहिजे. यादी भरण्याच्या क्रमालाही असेच महत्त्व आहे. ‘डिस्प्लेमेंबर’ आणि ‘व्हॅल्यूमेंबर’ आधी ठरवावेत आणि ‘डेटासोर्स’ शेवटी जोडावा, कारण उलट केल्यास तक्ता जोडताक्षणीच निवड बदलल्याची सूचना, म्हणजे इव्हेंट, पाठवली जाऊ शकते आणि त्या क्षणी मूल्य कोणत्या स्तंभातून घ्यायचे हे ठरलेले नसल्यामुळे ‘सिलेक्टेडव्हॅल्यू’मधून संकेतांकाऐवजी तक्त्याची अख्खी ओळच हाती येते. आणखी एक सापळा असा की जन्माचा जिल्हा आणि सध्याचा जिल्हा अशा दोन याद्या एकाच फॉर्मवर एकाच तक्त्याला जोडल्या, तर तक्त्यातील ‘चालू ओळ’ दोघींची सामाईक होते आणि एकीत निवड केली की दुसरीतील निवडही मुकाट बदलते. म्हणून प्रत्येक यादीला तक्त्याची वेगळी प्रत किंवा वेगळा जोडणीचा दुवा द्यावा लागतो.

अभिलेखपाल : तंत्रातील दोष तंत्राने दूर होतील. परंतु ओळख स्थिर असते या आपल्या गृहीतकाचे काय? 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. ठाण्याचे नाव तेच राहिले, पण त्या नावाखालील प्रदेश बदलला. डहाणूत 2005 साली जन्मलेल्या मुलाचा जन्मजिल्हा त्या दिवशी ठाणे होता. आज डहाणू पालघरमध्ये आहे. नोंदीत 2011 च्या जनगणनेतील ठाण्याचा 517 हा अंक असेल, तर तो कोणते ठाणे सांगतो, जुने की उरलेले? आणि उद्या कोणी तक्ता सुधारताना डहाणूच्या सर्व नोंदी पालघरकडे वळवल्या, तर त्या मुलाच्या जुन्या दाखल्यावरील नाव आणि संगणकातील नाव यांत विरोध उभा राहील आणि तो निस्तरण्यासाठी हेलपाटे त्या मुलालाच घालावे लागतील.

प्रोग्रामर : या उदाहरणाने प्रश्नाची दुसरी बाजू उघड होते. नामांतरात नाव बदलते आणि ओळख टिकते, तर विभाजनात नाव टिकते आणि ओळख बदलते. पहिल्या बदलापुढे मजकूर अपुरा पडतो. दुसऱ्या बदलापुढे कालनिरपेक्ष संकेतांक अपुरा पडतो. म्हणून जिल्ह्यांच्या तक्त्यात संकेतांक आणि नाव एवढे दोनच स्तंभ पुरत नाहीत. ती ओळ कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू होती हेही लिहिलेले असावे लागते, आणि विभाजनानंतरच्या ठाण्याला नवी ओळ व नवी ओळख द्यावी लागते. मग यादी भरताना आजची तारीख प्रमाण न मानता नोंद ज्या घटनेची आहे त्या घटनेची तारीख प्रमाण मानावी. 2005 च्या जन्माची नोंद भरणाऱ्यासमोर 2005 चे जिल्हे यावेत.

अभिलेखपाल : आणि जुनी नोंद दुरुस्तीसाठी उघडली, तर काय होईल? यादीत केवळ आजच्या ओळी भरल्या असतील आणि नोंदीतील संकेतांक त्यांत नसेल, तर चौकट रिकामी दिसेल.

प्रोग्रामर : रिकामी दिसेलच, आणि दुरुस्ती केवळ फोन नंबराची असली तरी जतन करताना जुना जिल्हा पुसला जाण्याची भीती आहे. म्हणून यादीत आज लागू असलेल्या ओळी आणि त्या नोंदीत आधीपासून असलेली ओळ, अशा दोन्ही भराव्यात, जुन्या ओळीपुढे ती आता लागू नसल्याचे लिहावे, आणि वापरणाऱ्याने स्वतः बदलल्याखेरीज ती हलू देऊ नये. वापरातून गेलेला पर्याय तक्त्यातून खोडून टाकणे हे या साऱ्या कामातील सर्वांत हानिकारक कृत्य आहे. तो निवृत्त करावा, नष्ट करू नये.

अभिलेखपाल : तरीही एक मागणी उरते. ज्या दिवशी दाखला दिला, पावती फाडली किंवा आदेश काढला, त्या दिवशी कागदावर छापलेले नाव नोंदीतही शब्दशः राहिले पाहिजे. तक्ता कितीही नीट ठेवला तरी तो उद्या कोणी बदलू शकतो. छापलेले नाव मात्र बदलता कामा नये.

प्रोग्रामर : डेटाबेसच्या शास्त्राला हे रुचणारे नाही. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानातून जी शिस्त रूढ झाली, तिच्यानुसार प्रत्येक तथ्य एकाच ठिकाणी असावे, कारण ते दोन ठिकाणी ठेवले की त्यांत विसंगती येण्यास वाव मिळतो. कॉड यांनीच 1979 मध्ये प्रणालीने नेमून दिलेल्या, नावापासून स्वतंत्र अशा ओळखीच्या कल्पनेचा पुरस्कार केला. ती ओळख साठवल्यावर नाव पुन्हा साठवणे ही पुनरुक्ती ठरते.

अभिलेखपाल : ती पुनरुक्ती नाही, कारण ही दोन तथ्ये वेगळी आहेत. ‘हा जिल्हा कोणता’ हे एक तथ्य आहे आणि ‘त्या दिवशी कागदावर काय लिहिले गेले’ हे दुसरे. पहिले कालांतराने सुधारता येते. दुसरे घडून गेलेले असल्यामुळे कोणालाही सुधारता येत नाही. 2010 मध्ये दिलेल्या दाखल्याची प्रत आज काढली असता तिच्यावर आजचे नाव छापले गेले, तर ती प्रत राहत नाही, नवा दाखला होतो.

प्रोग्रामर : या भेदापुढे वरील आक्षेप टिकत नाही. दुकानाच्या बिलांत हीच रीत पाळली जाते, कारण विक्रीच्या दिवशीचा भाव बिलावरच लिहिला जातो आणि मालाचा भाव नंतर बदलला म्हणून जुने बिल बदलत नाही. नावाबाबतही तोच नियम लागू व्हावा. मात्र अट अशी की शोध, मोजणी आणि जोडणी यांसाठी नेहमी मूल्यच वापरावे, आणि साठवलेला मजकूर केवळ साक्ष म्हणून वाचावा.

अभिलेखपाल : ती अट स्वीकारताना दुसरी अट घालावी लागते. संकेतांक प्रणालीने स्वतःपुरते रचलेले नसावेत. जेथे सार्वजनिक संकेतांक आहेत तेथे तेच वापरावेत. जनगणनेचे संकेत आहेत, पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत राज्यापासून गावापर्यंत संकेत दिलेले आहेत, देशांसाठी आयएसओ 3166 हे प्रमाण आहे. असा संकेतांक प्रणाली बंद पडली तरी बाहेरून उलगडता येतो. आणि नोंदी दुसरीकडे हलवताना तक्ताही त्यांच्याबरोबरच गेला पाहिजे.

संवाद येथे थांबवला तर असे दिसते की दोन्ही पक्षांचा विरोध प्रथम वाटला तेवढा परस्परांशी नव्हता, तो एकाच गैरसमजाशी होता. तो गैरसमज असा की यादीतील ओळ म्हणजे एकच गोष्ट, आणि म्हणून तिच्यातून काय साठवायचे हा केवळ सोयीचा प्रश्न. प्रत्यक्षात त्या एका ओळीतून तीन प्रश्नांची उत्तरे घ्यायची असतात : वस्तू कोणती, तिला तेव्हा काय म्हटले गेले, आणि ती निवड खरोखर कोणी केली होती की नाही. पहिल्याचे उत्तर स्थिर मूल्याने, दुसऱ्याचे त्या दिवशीच्या मजकुराने, तिसऱ्याचे रिकाम्या आरंभाने द्यावे लागते. ज्या याद्या प्रणालीच्या स्वतःच्या असतात आणि ज्यांत ‘होय’ व ‘नाही’ असे दोन-चारच पर्याय असतात, त्यांना एवढा खटाटोप लागत नाही. त्यांच्यासाठी वाचता येईल असा छोटा संकेत पुरेसा आहे. परंतु गाव, जिल्हा, प्रवर्ग, संस्था, व्यवसाय अशा, माणसांच्या आयुष्याशी आणि काळाच्या बदलांशी बांधलेल्या याद्यांना त्याशिवाय गत्यंतर नाही. अशा यादीत वगळलेल्या तारखेच्या स्तंभाची किंमत ती भरणाऱ्या प्रोग्रामरला मोजावी लागत नाही. ती कित्येक वर्षांनी त्या नोंदीवर हक्क सांगायला आलेल्या माणसाला मोजावी लागते. म्हणून यादी भरण्याचे काम नवशिक्याचे किरकोळ काम म्हणून सोपवले जाऊ नये, आणि सार्वजनिक वापराची कोणतीही प्रणाली स्वीकारण्यापूर्वी ती नामांतराच्या आणि विभाजनाच्या अशा दोन्ही उदाहरणांवर तपासून घ्यावी.